मुलीचं सायकल हेल्मेट मागे सरकतं

बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. मुलगी ७ वर्षांची, डोक्याचा घेर ५२ सेंमी. हेल्मेट सारखं मागे जातं. आत टोपी घालू का?

↳ टोपी नको. आणि कपड्यांसारखं वाढत्या अंगाचं तर मुळीच नको! पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं. मागची चकती फिरवून आवळा. पट्ट्यांचा व्ही कानाच्या पाळीखाली यावा, हनुवटीखाली एकच बोट मावावं. मागे सरकतंय म्हणजे बहुधा पुढचे पट्टे सैल आहेत. उंच पोनीटेलही हेल्मेट ढकलते. वेणी खाली घाला.

↳ जोरात आपटलं की बदला, वर चरा नसला तरी. आतला थर्माकोल दबून धक्का झेलतो, तो पुन्हा फुगत नाही.

↳ कामाटीबागेत घसरगुंडीवर चढताना मात्र काढायला लावा. पट्टा अडकून गळ्याला फास बसतो.