डिचोली: तिठ्यावरच्या कुत्र्यांना लूत, एकाच्या कानामागे किडे, कुत्रीला रक्त. आधी काय करावं?

तिठ्यावरची_डिचोली
आमच्या तिठ्यावर पाच कुत्री आहेत. एकाचाही कान कापलेला नाही, म्हणजे नसबंदी झालेली नसावी. तांबड्याच्या कानांच्या कडांवरचे आणि कोपरांवरचे केस गेलेत, रात्रभर खाजवतो. शेजारचे काका म्हणतात, गॅरेजमधलं जळकं ऑइल फास. काळ्याच्या कानामागे रुपयाएवढं भोक पडलंय, घाण वास येतो, सारखं डोकं झटकतो. पांढऱ्या कुत्रीला दोन महिने थेंब थेंब रक्त जातंय. तांबडा आणि पांढरी जवळ येतात, काळा हात लावू देत नाही. आपल्या हातून काय होईल आणि काय करायचं नाही, ते सांगा.

पशुवैद्य_फोंडा
ताई, काळ्याला आजच बघा, बाकीचे दोन दिवस थांबू शकतात. पावसात माशी जखमेच्या कडेला अंडी घालते, बारा ते चोवीस तासांत अळ्या बाहेर येतात आणि जिवंत मांस खात आत शिरतात. वरून भोक रुपयाएवढं दिसतं, पण कातडीखाली पोकळी मुठीएवढी असू शकते. कानामागून मानेकडे पोखरत गेल्या की कुत्रा वाचवणं कठीण.

अळी डोकं मांसात खुपसून बसते आणि मागच्या टोकाने श्वास घेते. टॉर्च मारलीत तर भोकात बारीक काळे ठिपके हलताना दिसतील, ती तिची मागची टोकं. म्हणून आधी टॉपिक्युअरसारखा जखमेचा स्प्रे भोकात आणि कडांवर मारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. श्वास कोंडला की त्या वर येतात, मग चिमट्याने एकेक ओढायची. घाईने ओढली तर तुटते, अर्धी आत कुजते आणि पू होतो. स्प्रे कानाच्या नळीत जाऊ देऊ नका.

नंतर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड चमचा, घालून सिरिंजने आतून धुवा. मग कोऱ्या फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं बेटाडीन. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही टॉर्च घेऊन बघायचंच, कारण राहिलेली अंडी नंतर फुटतात. "काल सगळे किडे काढले होते" म्हणत चौथ्या दिवशी आणलेली कुत्री ह्याच चुकीने दगावतात.

रॉकेल, पेट्रोल, फिनाइल, गमॅक्सिन पावडर यातलं काहीही नको. उघड्या मांसातून ते रक्तात जातं आणि कुत्रा झटके येऊन मरतो.

काळा धरूच देत नसेल तर जखमेचा जवळून फोटो आणि अंदाजे वजन घेऊन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. अन्नातून द्यायची गोळी लिहून मिळते. त्याने अळ्या मरतील, पण जखम धुवायला पकडणं चुकत नाही, तोवर जाळीवाल्या संस्थेशी बोलून ठेवा.

बार्देसचा_वाडा
तांबड्याची लूत आहे असंच वाटतं. खात्री करायची तर त्याच्या कानाची कड दोन बोटांत हळू चोळा. मागचा पाय आपोआप खाजवायला लागला तर बहुतेक खाजेची लूतच. पिल्लांच्या डोळ्यांभोवती, तोंडाजवळ गोल टक्कल पडतं आणि सुरुवातीला खाज नसते, ती लूत वेगळी, ती एकमेकांना लागत नाही.

जळकं ऑइल अजिबात नको. कुत्रा ते चाटतो, त्यातले जड धातू पोटात जातात, उन्हात कातडी भाजते. लुतीचा किडा तर कातडीच्या आत बोगदे करून राहतो, वरच्या तेलाने तो मरत नाही.

सोपा इलाज फ्लुरालानरची गोळी. 10 ते 20 किलोच्या कुत्र्याला 500 मिलिग्रॅमची एक, भरल्या पोटी. महाग आहे, पण गोचिडीही बारा आठवडे जातात. आठ आठवड्यांखालच्या पिल्लाला देऊ नये, आणि फिट येणाऱ्या कुत्र्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

स्वस्तात आयव्हरमेक्टिन, पण तिथेच लोक चुकतात. खाजेच्या लुतीला मात्रा साधारण 0.2 मिलिग्रॅम दर किलोला, म्हणजे 15 किलोला 3 मिलिग्रॅम. माणसांची 12 मिलिग्रॅमची अख्खी गोळी दिलीत तर चौपट झाली. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, लाळ गळते, कुत्रा झिंगल्यासारखा पडतो. त्यापेक्षा डॉक्टरांकडून इंजेक्शन घ्या आणि 14 दिवसांनी दुसरं. एकाच डोसावर थांबलं की अंड्यांतून निघालेले किडे पुन्हा पसरतात.

औषध खाऊ घालताना कलेजीचे तीन तुकडे करा. पहिला साधा, दुसऱ्यात गोळी, तिसरा नाकासमोर धरलेला. तिसऱ्याच्या ओढीने दुसरा न चावता गिळतात.

पशुवैद्य_फोंडा
पांढरीबद्दल. माजाचं रक्त आठ-दहा दिवस जातं, दोन महिने नाही. शेपटी उचलून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी लालसर, चटकन रक्त येणारी गाठ दिसते का बघा. तो समागमातून पसरणारा ट्यूमर, नरांनाही होतो. लोक "कर्करोग झाला" म्हणून सोडून देतात, ह्याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. व्हिंक्रिस्टिन हे केमोचं इंजेक्शन शिरेतून, आठवड्याला एक, साधारण चार ते सहा वेळा. औषध शिरेबाहेर सांडलं तर पायाचं मांस सडतं, म्हणून घरी नाहीच. एक आठवडा चुकवू नका. गाठ गेल्यावर नसबंदी करून घ्या.

रक्ताऐवजी घाण वासाचा पू येत असेल आणि ती खूप पाणी पीत असेल तर गर्भाशयात पू झालाय, त्याच दिवशी दवाखाना.

पेडणे_रेबीज
हे सगळं करणाऱ्यांनी आधी स्वतः रेबीजची प्रतिबंधक लस घ्यावी. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला तो दरवर्षीच्या लसीकरणामुळे, तरी कुठलाही कुत्रा सीमा ओलांडून येऊ शकतो.

रेबीजची एक खूण लक्षात ठेवा: जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज घोगरा, जणू घशात हाड अडकलंय. हाड काढायला तोंडात हात घालू नका. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूच्या आजारातही झटके येतात, बाहेरून फरक कळत नाही. चावला किंवा ओरखडलं तर वाहत्या पाण्यात साबणाने 15 मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका, थेट दवाखाना.

तिठ्यावरची_डिचोली
सगळ्यांचे मनापासून आभार. अजून एक: चौथा कुत्रा दोन दिवस जेवत नाही, अंगावर गोचिडी भरल्यात. घरात क्रोसिन आहे, देऊ?

पशुवैद्य_फोंडा
क्रोसिन नको, कॉम्बिफ्लाम तर मुळीच नको, पोटात व्रण होऊन रक्त जातं. ओठ वर करून हिरड्या बघा. पांढऱ्या असतील किंवा नाकातून रक्त येत असेल तर गोचीडताप समजा आणि रक्त तपासून घ्या. एर्लिकिया (गोचिडीतून येणारा जिवाणू) निघाला तर डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक 10 मिलिग्रॅम दर किलोला रोज, 28 दिवस. आठवड्यात कुत्रा खेळायला लागतो आणि लोक गोळ्या बंद करतात, मग आजार परत उलटतो. गोळी कोरडी देऊ नका, अन्ननलिका भाजते. जेवणात द्या, वर पाणी पाजा. आणि लघवी लाल-तपकिरी दिसली तर बबेसिया (गोचिडीतूनच येणारा, रक्तपेशी फोडणारा परजीवी) असू शकतो, त्याला नुसतं डॉक्सी पुरत नाही. रात्र जाऊ देऊ नका.