दरडी पावसाने कोसळतात की जेसीबीने?

डोंगरउतार: दरड कोसळली की रस्ते, खाणी, जेसीबी यांच्या नावाने खडे फोडून आपण मोकळे होतो. दरडीखाली गाडल्या गेलेल्या रायगडच्या इर्शाळवाडीला (१९ जुलै २०२३) गाडीरस्ताच नव्हता. कातळावर मुरूम-मातीचा थर, तीव्र उतार आणि संततधार. कातळात पाणी फारसं मुरत नाही, त्यामुळे माती-कातळाच्या सांध्यावर पाण्याचा दाब वाढतो, कणांची पकड सुटते आणि अख्खा थर घसरतो. मातीचं वजन वाढतं हे खरं, पण घात करतो तो दाब. हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणजे एका दमात कोसळणारा पाऊस वाढणार. महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळली त्या वेळी (जुलै २०२१) महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पडला होता.

घाटकरी: पाऊस सगळ्याच डोंगरांवर पडतो, सुटतात ठरावीकच. मुंबई-गोवा महामार्गावरचा परशुराम घाट बघा. चौपदरीकरणात पायथा उभा कापला की वरच्या मातीचा टेकू जातो. मग संरक्षक भिंत येते. तिला पाणी निघायला भोकं नसली, मागे खडीचा थर नसला, तर तीच पाणी तुंबवते आणि पोट फुगून पडते. माळीण गाव गाडलं गेलं (२०१४) तेव्हाही यंत्राने केलेल्या सपाटीकरणावर बोट ठेवलं गेलंच. सगळं हवामानावर ढकललं की कंत्राटदार सुटला!

डोंगरउतार: घाटरस्त्यापुरतं मान्य. वाडी गाडणारी दरड पार वरून सुटते, तिथे कुठली भिंत बांधणार?

रानवाटा: झाडं लावा की. चर खणा, पाणी अडवा.

घाटकरी: मुळं बहुधा मीटर-दोन मीटर जातात. घसरण त्याखालून झाली तर झाडांसकट डोंगर खाली येतो. आणि तीव्र उतारावर, जाड मातीत समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले)? म्हणजे नको तिथे पाणी मुरवणं. तिथे माथ्यावर तिरका चर काढून पाणी ओढ्याला लावायचं, भेगा पावसाआधी चिकणमातीने ठासून बुजवायच्या.

डोंगरउतार: हे पटलं. शिवाय नवी भेग, कललेले खांब, झरा एकाएकी गढूळ, ओढ्याचं पाणी भर पावसात घटलेलं, यातलं काहीही दिसलं तर रात्रीच वाडी सोडायची. यादीवर विसंबू नये. इर्शाळवाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती.

घाटकरी: सोडून जायचं कुठे? निवारा मे महिन्यातच ठरलेला हवा, गुरांसकट. गुरं मागे राहिली की माणसं परत वर जातात. आणि रस्त्यासाठी डोंगर उभा कापण्याचा मुद्दा मी सोडत नाही. मुरमात १ मीटर उंचीला निदान १ ते दीड मीटर आडवं अंतर द्या, मध्ये पायऱ्या ठेवा.

डोंगरउतार: मुळातच उभ्या डोंगराला एवढा उतार द्यायचा तर काप थेट माथ्याला भिडेल. अशा जागी रस्ता रुंद करण्याचा हट्टच सोडा, त्याच महामार्गावरच्या कशेडी घाटासारखा बोगदा काढा.