अनुभव धागा: दमून आल्यावर रात्री गॅसवर काय चढतं?

मंडळी, हा धागा रात्रीच्या जेवणाचा आहे. पाहुण्यांसाठी मांडतो त्या जेवणाचा नव्हे. दिवस जड गेलेला असतो, बाहेर पाऊस धो धो कोसळत असतो, घरात कुणी आजारी असतं, आणि आपण काहीतरी गरम, पोटभरीचं करतो, त्याचा. पाककृती कुठेही मिळतात. तो पदार्थ तुमच्या हाताला कधी बसला, आधी काय बिघडत होतं आणि काय बदलल्यावर जमायला लागलं, ते लिहा.

सुरुवात मीच करते. माझं कांद्याचं सूप कितीतरी वर्षं पाणचट आणि उग्र व्हायचं. "कांदा दहा मिनिटं सोनेरी होईपर्यंत परता" असं वाचून मी दहा मिनिटं परतायचे. तेवढ्यात कांदा जेमतेम पारदर्शक व्हायचा, आणि आच वाढवली की कडेने करपायचा. एका रविवारी घड्याळाकडे न बघता बसले. सहा मोठे कांदे उभे पातळ चिरले, जाड बुडाच्या पातेल्यात लोणी, चिमूटभर मीठ, आच मंद. पहिली पंधरा-वीस मिनिटं नुसतं पाणी सुटत राहतं. ते आटेपर्यंत रंग येतच नाही, कारण पाणी आहे तोवर पातेल्यातली उष्णता १०० अंशांच्या फारशी वर जात नाही, आणि तो तांबूस खमंगपणा यायला त्याहून बरीच जास्त लागते. मग तळाला तपकिरी थर धरू लागतो. तो काळा पडायच्या आत दोन चमचे पाणी घालून उलथन्याने खरवडायचा. थर सुटतो आणि कांद्यालाच रंग चढतो. असं चार-पाच वेळा केलं. पाऊण तासाने पातेलंभर कांद्याचा वाटीभर गडद, चिकट, गोड गोळा उरला. त्यात गरम पाणी, मिरपूड, थोडं व्हिनेगर आणि वर भाजलेला पाव. घरात कुणी बोललं नाही, सगळे खात राहिले.

* * *

बायकोची रात्रपाळी सुरू झाली तेव्हा मी स्वयंपाकाला लागलो. स्लो कुकर आणला, म्हटलं सकाळी सगळं टाकलं की संध्याकाळी तयार. लाल राजमा, टोमॅटो, कांदा, पाणी एकदमच घातलं. परतलो तर घरभर वास. दाणा आतून किंचित करकरीत होता, पण भूक लागलेली, खाल्लं. दोन-तीन तासांत मी आणि मुलगी दोघेही उलट्यांनी बेजार. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "राजमा नीट उकळला होता का?"

कच्च्या लाल राजम्यात लेक्टिन नावाच्या गटातलं एक प्रथिन असतं. ते मोडायला खळखळती उकळी लागते. मंद आचेच्या भांड्यात तेवढी उष्णता होईलच याची खात्री नसते, आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. आता रात्री भिजत घालतो, सकाळी ते पाणी ओतून देतो, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळतो आणि मगच स्लो कुकरमध्ये टाकतो. टोमॅटो दाणा बोटाने चिरडला गेला की मगच. आंबट आधी पडलं तर दाणा मऊ व्हायला फार वेळ घेतो.

मुलीने वर्षभर राजम्याला हात लावला नाही. गेल्या महिन्यात एका रात्री बघितलं तर तिनेच डबा उघडून दोन वाट्या भिजत टाकल्या होत्या.

* * *

कुस्करलेला बटाटा. पिठूळ जातीचा घ्या, थंड पाण्यात घालूनच गॅस लावा, उकळत्या पाण्यात टाकला तर बाहेरून फुटतो आणि आत कच्चा राहतो. निथळला की रिकाम्या गरम पातेल्यात मिनिटभर हलवून वाफ जाऊ द्या. मिक्सर नको, एकदा फिरवला होता आणि पातेल्यात खळ झाली होती. हातानेच कुस्करा, आधी लोणी, मग गरम दूध.

* * *

पाऊण तास कांदा परतण्याचं वाचून मला भरून आलं, पण ताई, साडेसातला घरात पाऊल टाकणाऱ्या आणि साडेआठला दोन लेकरांना झोपवणाऱ्या बाईचं काय? माझ्या घरातलं उबदार जेवण प्रेशर कुकरमधूनच येतं आणि त्यात मला काहीही कमी वाटत नाही. वाफ कोंडली की पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून तासाभराचं काम पंधरा-वीस मिनिटांत होतं. डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली असं भांडं बनवलं ते हाडंसुद्धा मऊ व्हावीत म्हणून. माझ्याकडे त्यात मसूर, गाजर, बटाटा आणि मूठभर तांदूळ एकत्र पडतात. झाकण उघडल्यावर चमच्याच्या पाठीने थोडं घोटायचं, वर लोणी.

तुमचा कांदा मात्र मी घेतलाय. सुट्टीच्या दिवशी दोन किलो एकदम परतते आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. रोज एक वडी कुकरमध्ये. मुलं वाटी चाटून ठेवतात.

* * *

वडिलांची केमो चालू होती. जन्मभर ज्यांना ताटात वाफाळतंच लागायचं, ते स्वयंपाकघरातून वास आला की तोंड फिरवायचे. सगळं लोखंड चघळल्यासारखं लागतं, म्हणायचे. मी हट्टाने रोज त्यांच्या आवडीचं करायचे, गरमागरम घेऊन जायचे, आणि रोज ताट तसंच परत यायचं. ते ओशाळायचे. मी ओट्याशी येऊन रडायचे.

आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, गरम अन्नाचा वास जास्त पसरतो, गार किंवा कोमट द्या. धातूचा चमचा बदला. ताट नको, वाटी द्या, आणि दर दोन तासांनी द्या. इतकं साधं. मी इतके दिवस माझ्या मायेने त्यांना छळत होते असं वाटून गेलं.

मग दुपारी ते झोपले की खिडक्या उघडून कोंबडीचे पाय आणि हाडं मंद आचेवर चढवायचे, जेमतेम बुडबुडा येईल एवढ्यावर, तीन तास. गाळून लगेच गार करून फ्रीजमध्ये. सकाळी वर चरबीचा पांढरा थर यायचा, तो उचलून टाकायचा. खाली रस्सा जेलीसारखा थरथरायचा. हाडांभोवतीचं कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं, त्याने तो गोठतो. त्यातले चार चमचे उकळून, त्यात अगदी मऊ भात आणि कुस्करलेलं गाजर, मग कोमट होऊ द्यायचं. लाकडी चमचा.

पहिल्या दिवशी सात चमचे खाल्ले. मी दाराआडून मोजले. आठव्या दिवशी त्यांनी वाटी माझ्याकडे पुन्हा पुढे केली.

आता ते बरे आहेत आणि पुन्हा वाफाळतंच मागतात. लाकडी चमचा मात्र सोडत नाहीत.

* * *

होस्टेल सोडून खोली घेतलीय. शिळा भात, दोन अंडी, कांद्याची पात, सोया सॉस, कढई कडकडीत तापलेली. शिळ्या भाताचा दाणा सुटा राहतो म्हणून तोच चांगला. फक्त तो रात्रभर ओट्यावर ठेवू नका. शिजवूनही टिकणारे जिवाणूंचे बीजाणू त्यात असतात, आणि त्यांनी एकदा विष सोडलं की पुन्हा गरम करून ते जात नाही. पसरट ताटात गार करून तासाभरात फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायचा.

* * *

मी सत्तरीतला माणूस, दीड वर्षापासून एकटा. स्वयंपाक येतो, पण हात अजून दोघांच्याच मापाने पडतो. सुरुवातीला उरलेलं बघवत नसे, म्हणून करणंच सोडलं होतं. चहा-बिस्किटावर भागवायचो. आता माप तेच ठेवलंय, दुसरा वाटा डब्यात भरून, वर तारीख लिहून फ्रीजरमध्ये टाकतो. मंगळवारी आणि शुक्रवारी शिजवायचं, बाकी दिवशी डबा काढायचा. जेवताना ताट घेतो, पातेल्यातून खात नाही.

बटाटा आज करून बघितला. लोणी आधी घातल्याने खरंच फरक पडला. सालासकट उकडायचा की सोलून, एवढं सांगाल का? शुक्रवारी परत करणार आहे.