गो लँग्वेज: स्ट्रिंग मेथड आहे, तरी स्ट्रक्टमध्ये रक्कम कच्चीच छापली जाते. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एका पतसंस्थेच्या कर्जखात्यांसाठी गोमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहितोय. दशांशाची भानगड नको म्हणून रकमा पैशांत ठेवल्यात, इंट-६४ वर बेतलेल्या 'अमाउंट' टाइपमध्ये. छपाईचं एफएमटी पॅकेज स्वल्पविराम देत नाही, म्हणून अमाउंटला स्ट्रिंग मेथड (मूल्य मजकुरात कसं दिसावं ते ठरवणारं फंक्शन) दिली: उजवीकडून आधी तीन अंक, मग दोन-दोन. इंटरफेसचं (म्हणजे हव्या त्या मेथडांच्या यादीचं) नावही कुठे लिहावं लागलं नाही. मेथड जुळली की टाइप आपोआप स्ट्रिंगर! हे जाम आवडलं.

आता अडचण. नुसती रक्कम प्रिंटलाइनला दिली की ₹1,23,456.75 येतं. तीच अकाउंट स्ट्रक्टच्या (अनेक फील्ड एकत्र बांधणारा टाइप) बॅलन्स फील्डमध्ये असली आणि अख्खं अकाउंट पर्सेंट-प्लस-व्हीने (फील्डच्या नावांसकट) छापलं, की 12345675! मेथडचा रिसीव्हर (ती ज्यावर चालते ते) व्हॅल्यूच आहे, पॉइंटर नाही. कंपायलरही गप्प.

शिवाय गोषवाऱ्यात '1.23 लाख' असं आटोपशीर रूपही हवंय. एकाच टाइपला दोन रूपं कशी द्यायची?

प्रतिसाद १
बॅलन्सचं पहिलं अक्षर स्मॉल आहे का? मग तेच कारण. एफएमटी स्ट्रक्टच्या आत रिफ्लेक्शनने (प्रोग्रॅम चालू असताना टाइप तपासून) शिरतं, आणि एक्सपोर्ट न केलेल्या, म्हणजे स्मॉल अक्षराच्या, फील्डच्या मेथडला त्याला हात लावता येत नाही. मग खालचा इंट दिसतो तसा छापतं. एक तर कॅपिटल करा, नाहीतर अकाउंटलाच स्ट्रिंग मेथड द्या. मात्र तिच्यात अख्खं अकाउंट पुन्हा एसप्रिंटएफच्या (मजकूर बनवून परत देणारं फंक्शन) पर्सेंट-व्हीला देऊ नका. ती स्वतःलाच बोलावत बसेल आणि स्टॅक फुटेल. फील्ड सुटी सुटी द्या.

आणि उणे रकमा बघून घ्या. उणे 50 पैशांना 100 ने भागलं की शून्य उरतं, चिन्ह गायब. चिन्ह आधीच बाजूला काढा.

प्रतिसाद २
दोन रूपांसाठी फॉरमॅटर इंटरफेस आहे. त्याच्या फॉरमॅट मेथडला स्टेट (रुंदी वगैरे छपाईची माहिती) आणि व्हर्बचं, म्हणजे पर्सेंटनंतरचं, अक्षर मिळतं. लाखासाठी स्वतःचा 'एल' व्हर्ब ठरवता येतो, प्रिसिजन (दशांशानंतर किती अंक) स्टेटकडून विचारता येते. पण फॉरमॅटर आला की एफएमटी स्ट्रिंगकडे ढुंकूनही बघत नाही. एस, व्ही, रुंदी सगळं तुमच्या गळ्यात. आज पर्सेंट-15-एसने सरळ येणारे रकाने उद्या वाकडे होतील. दोनच रूपांसाठी एवढा खटाटोप मी तरी करणार नाही. 'इनलाख' नावाची साधी मेथड लिहा, स्ट्रिंग परत करा, विषय संपला.

धागाकर्ता
हो, स्मॉलच होतं, आणि तसंच ठेवणार. बाहेरून कुणी शिल्लक बदलायला नको. अकाउंटलाच स्ट्रिंग देतो. अकाउंटची स्लाइस (यादी) छापली तर प्रत्येकाची मेथड चालेल ना?

प्रतिसाद १
चालेल. रिसीव्हर व्हॅल्यूच ठेवा. पॉइंटर केलात तर व्हॅल्यूंच्या स्लाइसमध्ये पुन्हा कच्चे आकडे दिसतील.