'कीनिंग'ला मराठीत काय म्हणाल?

तळटीप: एका आयरिश कथेचा अनुवाद करतेय. घरात मयत झालंय आणि बायका प्रेताभोवती बसून 'कीन' करतायत. मी 'विलाप' लिहिलं, संपादक म्हणतात 'आक्रोश' करा. पण या रडण्याला चाल आहे, मृताला उद्देशून रचलेल्या ओळी आहेत. सुचवा काहीतरी.

पंतोजी: 'विलापिका' आहे की! आणि कीन म्हणजे तीक्ष्ण, काळीज चिरणारा. व्युत्पत्ती उघड आहे.

चौकस: तो तीक्ष्णवाला 'कीन' जुन्या इंग्रजीतला. हा आयरिशमधल्या 'शोक करणे' या क्रियापदावरून आलाय. उच्चार जुळले, घराणी वेगळी. शिवाय विलापिका कागदावर लिहितात, मयताच्या घरी कोण म्हणतं?

माणदेशी: आमच्याकडं 'हेल काढून रडणं'. माझी चुलतआजी माहेरच्या मयताला गेली की 'भरल्या ताटावरनं उठून गेलास रं माज्या वाघा' म्हणायची आणि त्याच चालीत भावजयीला सुनवायची, 'दुखण्यात कुणी पाणी पाजलं न्हाई गं.' भावजय बी हेलातच उत्तर द्यायची!

चौकस: अहो, तिकडेही हेच! 1773 साली कॉर्कमध्ये आर्ट ओलिअरीला गोळी घातली. त्याची बायको आयलीन हिचं शोकगीत आजही नावाजलं जातं. त्यात नणंद टोमणा मारते की मयताच्या रात्री ही झोपायला गेली. आयलीन उलटून म्हणते, झोपले नव्हते, पोरांना निजवत होते.

झुंबर: सरळ 'रुदाली' लिहा ना.

तळटीप: रुदाली ही रडणारी बाई, रडणं नव्हे. आणि ती राजस्थानातली. मोबदला घेऊन रडणाऱ्या आयर्लंडमध्येही होत्या, चर्चचा विरोध पत्करून. पण माझ्या कथेत सगळ्या घरच्याच आहेत.

पंतोजी: 'हेल' बोलण्यात ठीक. छापील पुस्तकात ग्राम्य दिसेल.

माणदेशी: पंत, तुमच्याकडं मयताला काय विलापिका म्हणत्यात का?

झुंबर: पण हेल म्हणजे पाण्याची खेप ना? हेलकरी त्यावरूनच.

पंतोजी: तो हेल निराळा. हा 'हेलकावा'शी नातं सांगतो, सूर झुलतो म्हणून.

चौकस: पुन्हा उघड व्युत्पत्ती! पुरावा?

तळटीप: हेलकरी राहू द्या हो. 'बायका हेल काढून रडू लागल्या' असं लिहिलं तर आयर्लंडचं माणदेश होईल का, तेवढं सांगा.

झुंबर: हेलपाटासुद्धा बघा, त्यातही हेल आहेच.