३८ व्या दिवशी फोटो राहिला, आता परत पहिल्यापासून?

पावशेर_जास्त:
मंडळी, ७५ हार्ड करतोय. माहीत नसेल त्यांच्यासाठी, ७५ दिवस रोज ४५-४५ मिनिटं दोनदा व्यायाम, त्यातला एक उघड्यावर, आपणच ठरवलेलं डाएट, दारू बंद, एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर पाणी, माहितीपर पुस्तकाची १० पानं आणि रोज स्वतःचा एक फोटो. एक जरी चुकलं की दिवस पहिला. काल कुर्ला-सायनला रुळांवर पाणी, गाडी दीड तास उभी, डोंबिवलीला पोचलो दहा वाजता, तसाच ओल्या बुटात छत्री घेऊन सोसायटीला फेऱ्या मारल्या, वॉचमन म्हणाला साहेब काही हरवलंय का. मग उरलेलं दोन लिटर पाणी प्यायलो (लोकलमध्ये पिऊन जाणार कुठे), १० पानं डुलक्या घेत वाचली आणि झोपलो. रात्री २ ला उठलो तेव्हा आठवलं, फोटो! बायको म्हणते वेडा आहेस, फोटोने काय वजन कमी होतं? तुम्ही काय केलं असतं?

स्लो_ट्रॅक:
परत पहिल्यापासून. २०१९ मध्ये हे काढणारा अँडी फ्रिसेला याला फिटनेस चॅलेंज म्हणतच नाही, मनाच्या कणखरपणासाठी आहे म्हणतो, त्यामुळे वजनाचा हिशोब इथे लागू नाही. मी ५२ व्या दिवशी फोटो विसरलेलो, सकाळी तोच टीशर्ट घालून काढला आणि धरला. ७५ पूर्ण झाले, ऑफिसात टाळ्या झाल्या, आणि मला त्या टीशर्टशिवाय काही आठवेना. कोणाला सांगितलं नव्हतं, आज पहिल्यांदा लिहितोय.

माटुंग्याची_मावशी:
अरे बाबांनो परीक्षा आहे का ही? ३७ दिवस चाललास ते पाय काय परत घेणार कोणी? पुढे चालू ठेव, फक्त त्याला ७५ हार्ड म्हणू नकोस, झालं. आणि रात्री दोन लिटर एकदम ढोसू नकोस रे, रक्तातलं सोडियम उतरलं तर सलाईन लावून घेशील. किडनी, हार्टचं काही असेल तर आधी डॉक्टरला विचार.

स्लो_ट्रॅक:
मावशी, पाण्याचं बरोबर. बाकी नाही पटलं, सोपं करायचंय तर नियम पहिल्या दिवशीच वेगळे ठरवा ना, ३८ व्या दिवशी कसले ठरवता.

गिरगाव_चाळ_३:
फोटो सकाळी ब्रश झाल्यावर लगेच काढ, रात्रीवर ठेवलेलं सगळं मुंबईत बुडतं. पाणी दुपारच्या डब्यापर्यंत दोन लिटर, पण हळूहळू. ऑडिओबुक चालत नाही, वाचायचंच. आणि मेन म्हणजे परत सुरू करणार असशील तर आत्ताच गणपतीचा विचार कर, डाएट तुझंच असतं, त्यात चतुर्थीचे दोन मोदक आधीच लिहून टाक. मी लिहिले नव्हते, आईने ताट पुढे केलं आणि मी नको म्हटलं, अजून ऐकवते.

पावशेर_जास्त:
मावशी सॉरी, आज दिवस पहिला. मोदक लिहिले, दोनच, तूप धरून. फोटो ५:४० ला काढला, मागे सासूबाई दुधाची पिशवी कापताना आल्यात, त्या म्हणतात डिलीट कर. नाही करणार.