ओ-३२० ओव्हरहॉलला द्यायचंय, शॉप कसं निवडायचं?

ढगफिरस्ता:
नमस्कार मंडळी. माझ्या छोट्या विमानाला लायकमिंग ओ-३२० हे चार सिलिंडरचं इंजिन आहे, फिक्स्ड पिच प्रॉप (पात्यांचा कोन न बदलणारा पंखा). २०५० तास झालेत आणि मागच्या ओव्हरहॉलला (इंजिन पूर्ण उघडून, तपासून परत बांधण्याला) १२ वर्षं उलटून गेलीत, म्हणजे कंपनीच्या हिशोबाने तासही संपले आणि वर्षंही. पण चालत मस्त होतं, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला ८० पैकी सत्तरच्या वर, ऑइलही फार पीत नव्हतं. आता ऑइल बदलताना फिल्टर कापून बघितला तर कागदाच्या घड्यांमध्ये बारीक चकचकीत चकत्या, चुंबक जवळ नेलं की टपाटप चिकटतात. मेकॅनिक म्हणतोय कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि टॅपेट (त्यावर घासत व्हॉल्व्हला ढकलणारे भाग) झिजतायत. तीन शॉपकडून कोटेशन मागवलंय. एकाचं चार पानी आहे, दुसऱ्याचं पानभर, आणि सगळ्यात स्वस्त जो आहे त्याने फक्त 'इंजिन ओव्हरहॉल, टेस्ट रनसह' असं लिहून खाली आकडा टाकलाय. आकड्यांत फरक बराच आहे. नेमकं काय बघून ठरवायचं?

निवांत_पायलट:
घाई कशाला करताय राव. टीबीओ, म्हणजे दोन ओव्हरहॉलमधली तासांची-वर्षांची मर्यादा, ही कंपनीची शिफारस असते, खाजगी वापराच्या विमानाला बऱ्याच ठिकाणी ती बंधनकारक नसते. ओव्हरहॉल करून आणलेलं इंजिन पहिल्या काही तासांत दगा देण्याची शक्यताही असतेच, माणसाच्या हातून जोडलेली वस्तू आहे शेवटी. आधी एक सिलिंडर काढून कॅम डोळ्यांनी बघा, मग शॉप शोधा.

तेलकट_हात:
निवांतराव, एरवी मी तुमच्याच बाजूने असतो पण इथे नाही. बघा जरूर, पण कॅम खराब निघाला तर पुढे काय? लायकमिंगमध्ये कॅम क्रँकच्या (पंखा फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर बसतो, त्याला तेल मुख्यतः उडून मिळतं, विमान महिनोन्महिने उभं राहिलं की वरचं तेल ओघळून जातं आणि लोबवर (कॅमच्या उंचवट्यांवर) गंज धरतो, मग पृष्ठभाग खवले निघाल्यासारखा सुटायला लागतो. आणि या इंजिनात टॅपेट बाहेरून निघत नाहीत, केस (इंजिनाचं बाहेरचं कवच) फोडावीच लागते. २०५० तासांनंतर केस फोडून नुसता कॅम बदलून परत बंद करणं कोण करेल.

आता शॉपचं. ढगफिरस्ता, आकडा बाजूला ठेवा आणि तिघांनाही एकच प्रश्न लेखी विचारा, मापं कुठली धरणार? लायकमिंगच्या मापांच्या तक्त्यात दोन रकाने असतात, नव्या भागाची मर्यादा आणि सर्व्हिस लिमिट, म्हणजे वापरलेल्या भागाला जास्तीत जास्त चालणारी झीज. सर्व्हिस लिमिटच्या आत असलेला भाग परत बसवला तरी कागदावर ते ओव्हरहॉलच असतं, कायदेशीरही असतं, पण तो भाग झिजेच्या शेवटाला आलेला असू शकतो आणि तुम्ही मात्र पुढचे २००० तास धरून चाललेले असता. स्वस्त कोटेशनमधला फरक बहुतेक वेळा इथेच लपलेला असतो. लायकमिंगच्या सर्व्हिस बुलेटिन २४० (सूचनापत्रक) मधले बदलायलाच हवेत असे भाग, म्हणजे रिंगा, बेअरिंग, सील, गॅस्केट, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट-नट, हे तर सगळेच घालतील. सिलिंडर नवे की जुनेच दुरुस्त करून? कॅम नवा की घासलेला? टॅपेट नवे ना? मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारं यंत्र), कार्बोरेटर, होज धरलेत का? चार पानवाल्याने हे लिहिलं असेल बहुतेक, म्हणून तो महाग दिसतोय.

आणि हो, धातू निघालाय तर ऑइल कूलरचं काय करणार ते नक्की विचारा. त्याच्या आतल्या बारीक वाटांत कण अडकून बसतात आणि नव्या इंजिनात पहिल्याच दिवशी उतरतात. मी तरी अशा वेळी कूलर बदलाच म्हणेन.

चेकलिस्टवाली:
तेलकट काकांनी बरंच सांगितलं, माझी भर कागदांची. छोटी शॉप सगळं घरात करत नाहीत, क्रँक ग्राइंडिंग, केसची दुरुस्ती, मॅग्नेटो हे बाहेर जातं. त्यात वाईट काही नाही, उलट केसवाले दिवसभर केसच करतात. पण कोण काय करतं ते सांगायला का-कू करणारं शॉप मला नको. परत येणाऱ्या प्रत्येक भागासोबत एफएए ८१३०-३ किंवा ईएएसए फॉर्म वन (भाग वापरायला योग्य असल्याचा अमेरिकी किंवा युरोपीय दाखला), जिथे जे चालतं ते, यायला हवं. क्रँकची मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने भेगा शोधायची) तपासणी आणि प्रत्येक जर्नलचं (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचं) मोजलेलं माप आकड्यांत मागायचं, नुसतं 'ओके' असा शिक्का नाही. कधी प्रॉप स्ट्राइक झाला (पंखा कशाला आपटला) असेल तर एडी २००४-१०-१४ (एफएएचा बंधनकारक आदेश) ची नोंद लॉगबुकात आहे का तेही आताच बघून ठेवा.

शक्य असेल तर एकदा शॉपमध्ये जाऊनच या. उघडलेल्या इंजिनाचे भाग ट्रेमध्ये टॅग लावून ठेवलेत का, की तीन इंजिनांचे पुशरॉड एकाच डब्यात पडलेत, हे पाच मिनिटांत दिसतं. तुमचं इंजिन उघडून मापं झाली की बोलवा म्हणावं बघायला, चांगली शॉप आनंदाने बोलावतात.

रनवे_०९:
फॅक्टरीचं एक्स्चेंज घ्या ना सरळ, जुनं इंजिन देऊन तयार घ्यायचं, डोक्याला ताप नाही. झीरो टाइम लॉगबुक मिळतं, तास शून्यापासून.

तेलकट_हात:
रनवे, झीरो टाइम फक्त फॅक्टरी रीबिल्टला किंवा नव्याला. फॅक्टरी ओव्हरहॉलला जुने तास पुढे चालूच राहतात. रीबिल्टमध्येही वापरलेले भाग असतात, फक्त नव्या मापात बसणारे. आणि एक्स्चेंजमध्ये तुमचा क्रँक जातो, त्याच्या बदल्यात कुणाचा येईल सांगता येत नाही. परत तुमचा क्रँक किंवा केस रिजेक्ट झाली तर कोअरचे (बदल्यात दिलेल्या जुन्या इंजिनाचे) जास्तीचे पैसे लागतात ते वेगळेच. वेळ वाचतो हे मात्र खरं.

ढगफिरस्ता:
सगळ्यांचे आभार. तिघांनाही मापांचा प्रश्न मेलवर टाकला. चार पानवाल्याचं लगेच उत्तर आलं, नवी मापं, फक्त दोन-तीन ठिकाणी सर्व्हिस लिमिट वापरू आणि ते आधी तुम्हाला विचारून. पानभरवाल्याने थेट फोनच केला, क्रँक उघडून बघितल्याशिवाय पक्का आकडा देणार नाही म्हणाला. स्वस्तवाला म्हणतो 'काळजी करू नका, वर्षानुवर्षं करतोय'. वॉरंटी तिघांचीही आहे.

चेकलिस्टवाली:
वॉरंटीची तारीख बघा. काहींची इंजिन शॉपमधून निघालं की सुरू होते, आणि तुमच्या विमानाला रंगकामामुळे दोन महिने उशीर झाला तर तेवढी गेली. काढण्या-बसवण्याची मजुरी धरलीय का तेही वाचा, बऱ्याचदा फक्त भाग मिळतो आणि बाकी तुमचं तुम्ही.

निवांत_पायलट:
पानभरवाला मला आवडला. न उघडता पक्का आकडा देणाऱ्यापेक्षा हा बरा. त्याला विचारा टेस्ट सेल (इंजिन विमानाबाहेर चालवून बघायची जागा) आहे का आणि रनचा कागद देतो का, ऑइल प्रेशर, तापमान, मॅग ड्रॉप (एक मॅग्नेटो बंद केल्यावर फेरे किती कमी होतात) सगळं लिहिलेला. नसेल तर पहिला रन तुमच्या विमानावर होणार, मग ब्रेक-इनचं (पहिल्या तासांत इंजिन कसं चालवायचं त्याचं) त्याच्याकडून लिहूनच घ्या, कुठलं ऑइल, किती पॉवर. जमिनीवर उगाच लांबलचक चालवत बसलं की रिंगा बसायच्या राहतात आणि मग सिलिंडरवरून शॉप तुमच्याकडे बोट दाखवतं, तुम्ही शॉपकडे.